रूपककथेचे चित्रपटीय रूपांतर : ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’

कादंबरीचे नाटक होताना कथानकाची काटछाट कशी होते, हे आपण मागील घटकात पाहिले. प्रस्तुत घटकात माध्यमांतराचा अधिक अवघड प्रकार अभ्यासायचा आहे. ज्या कथेतील माणसे म्हणजे गुणदोष आणि वाटा म्हणजे मनाच्या अवस्था, अशी कथा कॅमेऱ्यासमोर उभी करायची, आणि तीही तुटपुंज्या पैशांत, तर रूपांतरकाराने काय करावे? उदाहरणादाखल जॉन बनियनचा ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हा इंग्रजी ग्रंथ घेतला आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला तो अगदीच परका नाही. हरि केशवजी यांनी केलेले त्याचे भाषांतर ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या आधीचा टप्पा म्हणून वाङ्मयेतिहासात त्याचा उल्लेख येतो.

मूळ ग्रंथ आणि त्याची घडण

बनियन १६२८ मध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो या खेड्यात जन्मला. भांडी दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा. राजमान्य चर्चच्या परवानगीविना प्रवचने केल्याबद्दल १६६० मध्ये त्याला अटक झाली आणि सुमारे बारा वर्षे तो तुरुंगात राहिला. ग्रंथाचा पहिला भाग १६७८ मध्ये व दुसरा १६८४ मध्ये निघाला. निवेदकाला स्वप्न पडते, त्यात फाटक्या वस्त्रांतला, पाठीवर ओझे असलेला एक माणूस दिसतो. त्याचे नाव ख्रिश्चन. आपले नगर नष्ट होणार हे कळल्यावर तो स्वर्गीय नगरीच्या वाटेला लागतो. वाटेत निराशेची दलदल, व्यर्थतेचा बाजार, संशयाचा किल्ला आणि शेवटी मृत्यूची नदी लागते.

या ग्रंथाची एक बाब रूपांतरकाराला सुरुवातीला मोहात पाडते. त्यातील कितीतरी संवाद नाटकाच्या संहितेसारखे छापलेले आहेत. आधी बोलणाऱ्याचे नाव, मग त्याचे बोलणे. पटकथा आयतीच हाती आली, असे वाटते. पण नेमकी इथेच फसगत होते. पुस्तकात प्रत्येक बोलण्याआधी नाव येते आणि अर्थ त्या नावातच असतो. ‘मनधरा’ किंवा ‘हेकट’ असे नाव वाचले की वाचकाला त्या माणसाचा चेहरा लागत नाही. पडद्यावर मात्र चेहराच आधी येतो; नाव एखाद्या वेळी कानावर पडते आणि विसरले जाते. म्हणजे जे काम लेखकाने एका विशेषणावर भागवले, ते नटाला चालण्याबोलण्यातून करावे लागते.

वस्तूचा हट्ट

कॅमेरा निराशेचे चित्र घेऊ शकत नाही. तो चिखलाचेच चित्र घेतो. दलदलीत रुतणारा माणूस दाखवला की प्रेक्षकाला आधी त्याचे भिजलेले कपडे दिसतात. निराशा त्याला स्वतःहून जोडून घ्यावी लागते. रूपकात वस्तू अर्थाकडे बोट दाखवते, चित्रपटात मात्र वस्तू स्वतःकडेच लक्ष वेधण्याचा हट्ट धरते. माझ्या मते अशा रूपांतराची खरी अडचण ही आहे. पैशांची अडचण तिच्या मागून येते.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण कथेच्या आरंभीच आहे. ख्रिश्चन घर सोडून निघतो तेव्हा त्याची बायको आणि मुले त्याला परत बोलावतात. तो कानांत बोटे घालून, अनंत जीवनासाठी आक्रोश करीत धावत सुटतो. पुस्तकात हे वाचताना आपण फारसे अडखळत नाही. संसाराची ओढ तोडणारा जीव, असा अर्थ आपण मनात लावतो. तेच पडद्यावर आणा. दारात एक खरी बाई उभी आहे, तिच्या पदराशी मुले रडत आहेत आणि बाप कान झाकून पळतो आहे. प्रेक्षक कुणाच्या बाजूने उभा राहील? रूपक क्षणात बाजूला पडते आणि कुटुंब टाकणाऱ्या माणसाची कथा सुरू होते.

दिग्दर्शकाला इथे निर्णय घ्यावाच लागतो. बायको-मुलांना दूरवर, केवळ आकृत्या म्हणून ठेवले तर प्रसंग सोपा होतो, पण पोकळही होतो. त्यांचे चेहरे दाखवले तर नायकाच्या माथी एक ओझे चढते, आणि पाठीवरचे ओझे उतरल्यावरही ते उतरत नाही. स्वतः बनियनलाही या प्रसंगाकडे परत यावेसे वाटले असावे, असे दुसरा भाग वाचताना जाणवते. त्यात ख्रिश्चनची पत्नी ख्रिश्चियाना मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते. चांगल्या रूपांतरात चेहरे दिसावेत, असे मला वाटते. यात्रेची किंमत काय, हे त्याशिवाय कळत नाही. शिवाय चेहरा दाखवायला जादा खर्च येत नाही.

अपोलियन : राक्षस की जुना धनी?

कमी खर्चाचा चित्रपट हटकून जिथे हसे करून घेतो, तो प्रसंग अपोलियनचा. बनियनने त्याला माशासारखे खवले, पंख, अस्वलाचे पाय, सिंहाचे तोंड आणि पोटातून निघणारा धूर व अग्नी दिला आहे. हे रबराच्या मुखवट्यात आणि धुराच्या यंत्रात उभे केले की भीतीऐवजी करमणूक होते. २०१९ च्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या संगणकीय सजीवपटाला अशी आकृती सहज निर्माण करता येते. जिवंत नट घेऊन काम करणाऱ्याला ती सोय नाही.

पण मूळ प्रसंग नीट वाचा. लढाईआधी एक दीर्घ वाद आहे. अपोलियन म्हणतो की हा माणूस आपल्याच मुलुखात जन्मला, आपलाच प्रजाजन आहे, मग सेवा सोडून कसा जातो? तो वेतनाची बोलणी करतो, परतलास तर क्षमा करीन म्हणतो, नव्या धन्याच्या चाकरीतील चुका एकेक करून मोजून दाखवतो. म्हणजे हा प्राणी मुळात जुना मालक आहे. त्याला अरुंद वाटेवर उभा असलेला, नीटनेटक्या पोशाखातला, मृदू बोलणारा माणूस केले तर खवल्यांची गरज उरत नाही, आणि भीती वाढते. यालाच अर्थानुसारी रूपांतर म्हणता येईल : वर्णन सोडले, कार्य राखले.

इंगमार बर्गमन यांच्या ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) या स्वीडिश चित्रपटाची येथे आठवण होते. तो रूपांतरित ख्रिस्ती ग्रंथ नव्हे, पण मध्ययुगीन चर्चमधील भित्तिचित्रांवर पोसलेली रूपककथा आहे. चित्रीकरण सुमारे पस्तीस दिवसांत उरकले. त्यातील मृत्यू म्हणजे पांढरा रंगवलेला चेहरा आणि काळा झगा, एवढेच. शेवटी टेकडीवर मृत्यूमागून नाचत जाणाऱ्या आकृतींचे प्रसिद्ध दृश्य घेतले तेव्हा बरेच नट निघून गेले होते. तंत्रज्ञांना आणि तिथे आलेल्या काही पर्यटकांना झगे चढवून उभे केले गेले. दूरवरच्या काळ्या आकृत्यांना चेहरे नकोच होते. एकनाथांचे भारूड पाहिलेल्याला हे नवल वाटणार नाही. विंचवाच्या भारुडात विंचू कुठे असतो?

थोड्या साधनांचे प्रसंग

या ग्रंथातील सर्वांत समर्थ प्रसंग खर्चाने लहान आहेत. व्यर्थतेच्या बाजारात गर्दी हवी हे खरे, परंतु एखाद्या चालत्या बाजारात चित्रीकरण करता येते. डॅनी कॅरालेस यांच्या २००८ मधील रूपांतरासारखी कथा आधुनिक काळात आणली तर वेशभूषेचाही प्रश्न सुटतो. बाजाराहून मोलाचा आहे त्यानंतरचा खटला. ख्रिश्चनचा सोबती फेथफुल याला न्यायासनासमोर उभे केले जाते, साक्षी होतात, ज्यूरीतील एकेक सदस्य आपल्या नावाला साजेसा निर्णय सांगतो. एक खोली, काही बाके, उत्तम नट, एवढे पुरे. बनियनने न्यायालय आरोपीच्या जागेवरून पाहिले होते आणि ते या लेखनात उतरले आहे.

संशयाच्या किल्ल्यातील कोठडीचेही तेच. दोन कैदी, अंधार, बाहेर निराशा नावाच्या राक्षसाची पावले. राक्षस पूर्ण दाखवण्याची गरज नाही. दारातली सावली आणि वरच्या मजल्यावर बायकोशी चाललेली त्याची कुजबुज ध्वनीतून येऊ शकते. ख्रिश्चनला अचानक आठवते की ‘वचन’ नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे. इथे मात्र संवादलेखकाने हात आवरावा. किल्लीचे नाव उच्चारले की तिचे प्रतीक होते, न उच्चारता ती नुसती किल्ली राहते. एकदाच, हळू आवाजात उच्चारावे. पुस्तकाच्या समासात धर्मवचनांचे संदर्भ छापलेले आहेत. पडद्याला समास नसतो, म्हणून पुष्कळ भाविक रूपांतरकार ती वचने पात्रांच्या तोंडी कोंबतात आणि कोठडीचे व्याख्यानगृह करतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन अँडरसन यांनी केलेला चित्रपट याच दृष्टीने मिळवून पाहावा. पुढे विख्यात झालेले लियाम नीसन त्यात इव्हँजेलिस्टच्या भूमिकेत आहेत. कुठे नट बोलतो आहे आणि कुठे समास बोलतो आहे, हे वेगळे करता येते का ते तपासा.

स्वाध्याय

अखेरच्या नदीला पूल नाही. तिचे पाणी सर्वांना सारखे खोल नसते. ज्याची जशी श्रद्धा, तशी त्याला खोली लागते. ख्रिश्चन बुडू लागतो, आणि त्याच वेळी शेजारचा होपफुल म्हणतो की पायाला तळ लागतो आहे. आपल्याकडे एक कॅमेरा, दोन नट, गुडघाभर पाण्याचा ओढा आणि एका दिवसाचा सूर्यप्रकाश आहे, असे समजा. हा प्रसंग सहा-सात दृश्यखंडांत लिहा. कॅमेऱ्याची उंची, चौकटीत काय येईल व काय वगळाल, आणि पाण्याचा आवाज कोणाच्या कानाने ऐकू येईल, हे प्रत्येक दृश्यखंडापुढे नोंदवा.