स्वयंपाकघराची आखणी : चूल, पाणी आणि पावले

उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी एकत्र बसून व्याख्याने ऐकण्याची आपली रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अशा व्यासपीठांवर राज्यकारभार, धर्म, वाङ्मय, अर्थकारण असे थोर थोर विषय येऊन गेले. स्वयंपाकघर हा विषय मात्र आमच्या ऐकण्यात फारसा आला नाही. तो काढला की सभेतील पुरुष हसतात आणि स्त्रिया एकमेकींकडे पाहतात. परंतु ज्या खोलीत घरातील एक माणूस रोज चार-पाच तास काढते आणि जिथे विस्तव, उकळते पाणी, धारेची विळी व रांगते मूल ही सगळी एकाच वेळी हजर असतात, ती खोली कशी बांधावी याचा विचार बैठकीच्या खोलीपेक्षा आधी व्हायला हवा. आपल्याकडे तो शेवटी होतो. पुष्कळदा होतच नाही.

हे आम्ही दुसऱ्याला शिकवण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. वरवट बकाल येथील आमच्या घरात गॅस यायचा होता, तेव्हा आम्ही उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा बांधायला काढला. गवंड्याशी बोलणे झाले ते बैठकीत. “मास्तर, शहरात छत्तीस इंचाचा ओटा करतात,” तो म्हणाला, आणि शहराचे नाव निघताच आम्ही होकार दिला. ओटा झाला, त्यावर काळी कडप्पा बसली, पाहुण्यांनी कौतुक केले. आमच्या सौभाग्यवतींची उंची चार फूट अकरा इंच. ओटा छत्तीस इंच, त्यावर शेगडी पाच इंच, त्यावर आठ इंचांचे पातेले. म्हणजे पातेल्याची कड त्यांच्या खांद्याला लागत होती. आत काय शिजते आहे ते दिसेना, म्हणून त्या पायाखाली पाट घेऊ लागल्या. एके दिवशी भाताचे पातेले उतरवताना पाट सरकला. हात आणि पाय दोन्ही पोळले. महिनाभर स्वयंपाक आमच्या मातोश्रींनी केला. त्या वेळी त्या एवढेच बोलल्या, “ओटा बांधला, पन आमाले कोनं इचारलं?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही ओटा पाडून एकतीस इंचांचा केला, आणि या विषयाचा थोडा अभ्यासही केला.

पावलांचा हिशेब

सुट्टीच्या एका सकाळी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसलो. पिण्याच्या पाण्याची घडवंची ओसरीवर, म्हणजे चुलीपासून अठरा फुटांवर. धान्य-डाळीचे डबे माजघरात, बावीस फुटांवर. एका वेळच्या स्वयंपाकात पाण्याकडे चाळीसेक खेपा आणि डब्यांकडे वीसेक खेपा झाल्या. जाणे-येणे धरून हे दोन हजार तीनशे फूट, म्हणजे सुमारे सातशे मीटर होते. दोन वेळचे मिळून जवळजवळ दीड किलोमीटर, आणि वर्षाचे पाचशे किलोमीटरच्या वर. शेगावला गाडीत बसून मुंबईच्या जवळपास जावे इतके हे अंतर घरातली बाई दरवर्षी घरातल्या घरातच चालते, आणि तेही हातात भरलेले भांडे घेऊन! पाणी पाच फुटांवर आणि डबे सहा फुटांवर आणले, तेव्हा हेच चालणे चौथ्या हिश्शाच्या थोडे वर राहिले. खर्च झाला तो दोन फळ्या आणि एका कोनाड्याचा.

असा हिशेब करणारे आम्ही पहिले नव्हेत. अमेरिकेत ख्रिस्तीन फ्रेडरिक या गृहिणीने १९१२-१३ च्या सुमारास, कारखान्यातील कामगाराच्या हालचाली मोजण्याची पद्धत आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहिली आणि त्यावर लेख व पुस्तक लिहिले. पुढे १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार स्त्रीने जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. आपल्या मापात सव्वासहा फूट बाय अकरा फूट. रेल्वेच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकखोलीवरून तिने बोध घेतला होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. त्यानंतर १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी एक सोपा नियम रूढ केला. विस्तव, पाणी आणि साठवण ही तीन ठिकाणे रेषांनी जोडली की त्रिकोण होतो. त्याची प्रत्येक बाजू चार फुटांहून कमी व नऊ फुटांहून जास्त नसावी आणि तिन्ही बाजूंची बेरीज सव्वीस फुटांच्या आत असावी. चार फुटांहून जवळ आल्यास कामाला जागा उरत नाही. नऊ फुटांहून लांब गेल्यास पाय दुखतात. शिवाय या त्रिकोणातून घरातल्यांची ये-जा नसावी. मागच्या दाराची वाट चूल आणि पाणी यांच्यामधून जात असेल, तर उकळते आधण घेऊन वळणारी बाई आणि धावत येणारे पोर यांची गाठ कधी तरी पडायचीच.

परक्यांचे किती घ्यावे?

हा नियम उपयोगी आहे. पण फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर उचलून वऱ्हाडात ठेवता येणार नाही. ते एकट्या बाईसाठी होते. आपल्याकडे सासू, सून, कधी जाऊ, कधी शेजारीण अशा दोघी-तिघी एका वेळी काम करतात. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे यांचा घाट घातला की चार जणींना मांडी घालून बसायला जागा लागते. तेव्हा ओट्यासमोर निदान चार फूट मोकळी जमीन हवी. आमच्या मते आठ फूट बाय दहा फुटांची खोली मध्यम कुटुंबाला पुरते. त्याहून लहान असेल तर बसून करण्याची कामे ओसरीवर काढावीत, पण ओट्यासमोरची जागा अडवू नये.

दुसरा फरक भाकरीचा. पोळी लाटणे किंवा भाजी चिरणे आणि परातीत ज्वारीचे पीठ मळून भाकरी थापणे ही कामे वेगळ्या जातीची आहेत. चिरण्याच्या कामाला ओटा कोपराच्या तीन-चार इंच खाली चालतो. मळण्या-थापण्यात अंगाचा भार हातावर यायचा असतो, म्हणून तिथे सहा इंच खाली हवा. ओटा उंच असला की हा भार खांद्याला सोसावा लागतो आणि संध्याकाळी मान भरून येते. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून सुमारे अडतीस इंचांवर असते. यावरून प्रत्येकाने आपल्या घरचे माप काढावे. शेजाऱ्याच्या घरचे घेऊ नये. ज्यांना बसूनच भाकरी करणे सोयीचे वाटते, त्यांनी संकोच करू नये. खाली बसून काम करणे मागासलेले आणि उभ्याने करणे सुधारलेले, असे काही नाही. मात्र वारंवार ऊठ-बस करावी लागू नये, एवढे पाहावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातील आपला भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी खारट, त्याने भांड्यांवर पांढरे पुट चढते, आणि डाळ शिजता शिजत नाही. म्हणून आपल्या घरी पाणी दोन प्रकारचे असते : गोडे पाणी पिण्या-शिजवण्याचे आणि खारे पाणी धुण्याचे. दोन्ही एका कोपऱ्यात ठेवली की घाईत हात चुकतो. गोड्या पाण्याचे माठ चुलीजवळच्या बाजूला, कमरेएवढ्या घडवंचीवर, झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे यांसह ठेवावेत. खाऱ्या पाण्याचे पिंप मोरीजवळ ठेवावे.

मोरीचे पाणी कुठे जाते हेही पाहिले पाहिजे. आपली जमीन काळी, कापसाची. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मोरीचे पाणी भिंतीशेजारी मुरू दिले, तर पाया हलून भिंतीला तडा जातो. मोरीच्या जमिनीला फुटामागे पाव इंच उतार द्यावा आणि सांडपाणी पन्हाळीने घरापासून लांब परसातील केळी-अळूला न्यावे. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, हे ध्यानात असू द्यावे.

धूर

आपल्या पुष्कळ घरांत गॅस आला असला तरी चूल गेलेली नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या शेतातून आणि गोठ्यातून फुकट मिळतात. सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि हंगामात मजुरांच्या भाकरी चुलीवरच होतात. पण फुकटच्या जळणाची किंमत डोळे आणि फुप्फुसे देत असतात. घरातील धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बायकांना दमा व मोतीबिंदू आणि लहान मुलांना न्यूमोनिया ही त्याची नेहमीची फळे होत.

या प्रश्नाचा विचार आपल्याच विदर्भात फार पूर्वी झाला. गांधीजींनी १९३४ साली स्थापन केलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. तेथेच धुराडे जोडलेली ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघर कसे करावे यावर एक पुस्तिका लिहिली. सरकारनेही १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला. पुष्कळ चुली वाटल्या गेल्या आणि पुष्कळ मोडल्या. धुराड्यात काजळी साचते आणि ती काढली नाही की धूर उलटा खोलीत येतो, ही साधी गोष्ट चूल देताना नीट समजावली गेली नाही, हे त्याचे एक कारण होते. म्हणून धुराड्याची चूल घालणाऱ्याने ते झाडायला वाट ठेवावी, पंधरा दिवसांनी ते झाडावे, छपराच्या वर दोन-अडीच फूट न्यावे, आणि छपराच्या लाकडाला ते चिकटू देऊ नये. धुराडे जमत नसेल तर चुलीच्या डोक्यावर धाब्यात झरोका ठेवावा आणि समोरच्या भिंतीत खाली जाळी ठेवावी. वारा खालून आत आला तरच धूर वरून बाहेर जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. स्वयंपाकघर घराच्या पूर्वेच्या अंगाला असले की धूर घरात न शिरता बाहेर पडतो, आणि दुपारचे पश्चिमेचे ऊनही भिंतीवर येत नाही. वडीलधाऱ्यांच्या आग्नेय कोपऱ्याच्या आग्रहाला असा एक व्यवहारी अर्थ लावता येतो.

गॅस आणि वीज

गॅसला मात्र झरोका पुरत नाही. हा वायू हवेहून दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की वर न जाता जमिनीवर पसरतो आणि खाली साचून राहतो. म्हणून सिलिंडर ठेवण्याच्या जागी जमिनीलगत जाळी हवी. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, बंद कपाटात कोंडू नये आणि शेगडी त्याच्याहून उंच जागी असावी. रबरी नळी दीड मीटरहून लांब नसावी, आणि पाच वर्षांनी ती बदलावी. ज्या खोलीत चूल पेटते त्या खोलीत सिलिंडर ठेवणे म्हणजे संकटाला पाट मांडून बसवणे होय. दोन्ही हवीच असतील तर चूल परसात किंवा वेगळ्या पडवीत न्यावी. वास आला तर विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये, कारण दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवावे.

विजेची बटणे पाण्यापासून दूर, मुलांच्या हाताबाहेर असावीत. मिक्सरला तीन पिनांची जोडणी आणि घराला खरी अर्थिंग असावी. दिवा पाठीमागे असला की स्वतःचीच सावली विळीवर पडते, तेव्हा तो ओट्याच्या समोर किंवा डाव्या हाताला घ्यावा. आणि मीठ-मसाल्याची फळी शेगडीच्या डोक्यावर कधीही ठोकू नये. हळदीचा डबा काढायला वाकलेल्या बाईचा पदर जाळावर येतो, आणि हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या जळताना वितळून अंगाला चिकटतात. फळी शेगडीच्या बाजूला, हात वर न ताणता पोहोचेल इतक्या उंचीवर असावी. चूल जमिनीवर असेल तर तिच्या भोवती फूटभर उंचीचा कठडा घालावा. रांगत्या मुलाला तेवढाही अडसर पुरतो.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. लागतो तो विचार, आणि तोही गवंडी येण्यापूर्वी. म्हणून एक सोपा उपाय सुचवून आम्ही थांबतो. नवे स्वयंपाकघर बांधायचे ठरले की अंगणात खडूने किंवा चुन्याने त्याचा आराखडा खऱ्या मापात आखावा : इथे शेगडी, इथे माठ, इथे डबे, इथे दार. मग घरातील जी बाई स्वयंपाक करते तिला त्या रेघांत उभे करावे आणि एक वेळचा स्वयंपाक नुसता हातवारे करून करायला सांगावे. घरची मंडळी हसतील, तर हसू द्यावीत. ती जिथे अडखळेल तिथली रेघ पुसून दुसरी ओढावी. चुन्याची रेघ पुसायला फडके पुरते. आम्हाला आमचा ओटा पाडायला दोन दिवस आणि घण लागला, आणि सौभाग्यवतींच्या हातावरचा डाग तर आजही गेलेला नाही.