ठिसूळ अर्धवाहकांना वाकवण्याच्या वाटा

तांब्याची तार वाकते आणि सिलिकॉनची चकती तडकते, या फरकाचे मूळ अणूंना बांधून ठेवणाऱ्या बंधांत आहे. धातूमध्ये बंधाचे इलेक्ट्रॉन सर्व अणूंच्या सामाईक मालकीचे असल्याने अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी पकड सुटत नाही. सिलिकॉनचा प्रत्येक अणू मात्र चार शेजाऱ्यांशी ठरावीक दिशांच्या बंधांनी जखडलेला असतो, आणि नेहमीच्या तापमानाला थर सरकू शकत नसल्यामुळे दाब वाढताच स्फटिक फुटतो.

या अडचणीवरचा पहिला उपाय भूमितीचा आहे. पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि लांबीतील ही सापेक्ष वाढ, जिला विकृती म्हणतात, पट्टीच्या जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागल्यास मिळते. पाऊण मिलिमीटर जाडीची चकती 1 सेंटीमीटर त्रिज्येत वळवू गेल्यास विकृती 4 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि सिलिकॉन सहसा 1 टक्क्याच्या सुमारासच तुटतो. तीच पट्टी 100 नॅनोमीटर जाडीची असेल तर विकृती अवघी 0.0005 टक्के भरते. इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अशा पातळ पट्ट्या आधीच ताणून धरलेल्या रबरावर चिकटवल्या आणि मग रबर सैल सोडले, तेव्हा पट्ट्यांना लाटांसारख्या घड्या पडून त्या रबराबरोबर ताणल्याही जाऊ लागल्या. युक्ती देखणी खरी, पण तिने सिलिकॉनचा ठिसूळपणा जात नाही, तो केवळ चुकवला जातो.

पदार्थच मुळात तन्य, म्हणजे न तुटता कायमचा आकार बदलू शकणारा, असला तर? 2018 मध्ये शांघायच्या सिरॅमिक्स संस्थेतील संशोधकांनी सिल्व्हर सल्फाइड हा अर्धवाहक नेहमीच्या तापमानालाच धातूसारखा वाकतो व दाबला जातो, असे दाखवले. घरातील चांदीच्या भांड्यांवर चढणारा काळा थर याच संयुगाचा असतो. त्याच्या नागमोडी अणुथरांना एकमेकांवरून सरकणे सोपे जाते, आणि सरकताना चांदी व गंधक यांच्यातील जुने बंध सुटताच नवे जुळत असल्याने थर विलग होत नाहीत.

त्याच वर्षी नागोया विद्यापीठात झिंक सल्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचा स्फटिक उजेडात दाबला असता तडकला, तर पूर्ण अंधारात 45 टक्के विकृती सोसूनही अखंड राहिला. थरांचे सरकणे स्फटिकरचनेतील रेषेसारख्या दोषांच्या वाटचालीतून घडते; प्रकाशाने मोकळे झालेले विद्युतभार त्या दोषांपाशी अडकून त्यांची वाट रोखतात, अंधारात तसे घडत नाही.