सर्व्हरचं नाव एकदाच ठेवतात

गाडीचं ब्रेक पेडल दाबल्यावर मागचा लाल दिवा किती मिलिसेकंदांत लागला पाहिजे, हे कुठेतरी एका वाक्यात लिहिलेलं असतं. त्या वाक्याला क्रमांक असतो, मालक असतो, इतिहास असतो. त्यातला शब्द कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून बदलला याची नोंद असते. वरच्या अंगाला ते वाहन कंपनीच्या मागणीला जोडलेलं असतं. खालच्या अंगाला सॉफ्टवेअरच्या डिझाइनला आणि दिवा खरंच वेळेत लागतो का हे तपासणाऱ्या टेस्ट केसला. ऑफिसच्या भाषेत या वाक्याला रिक्वायरमेंट म्हणतात. एका गाडीत अशा हजारो रिक्वायरमेंट असतात. त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवणं आणि काही वर्षांनी त्याची आवृत्ती बदलणं हे माझं पोटापाण्याचं काम. हिंजवडीतल्या माझ्यासारख्या पुष्कळांचं ते आहे, पण लग्नकार्यात ‘तू नक्की काय करतोस?’ असं कुणी विचारलं की आम्ही सगळेच विषय बदलतो. दिवाळी अंकात तशी घाई नसते.

आधी इतिहास उरकून घेऊ. डोअर्स नावाचं सॉफ्टवेअर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या क्यूएसएस कंपनीने आणलं. ती कंपनी 2000 मध्ये स्वीडनच्या टेलिलॉजिकने घेतली आणि टेलिलॉजिकला 2008 मध्ये आयबीएमने. जुनं डोअर्स प्रत्येकाच्या संगणकावर वेगळं बसवावं लागे. पुढे आयबीएमने जॅझ नावाच्या पायावर ब्राउझरमध्ये चालणारं डोअर्स नेक्स्ट उभं केलं. पोलॅरियन, जामा असे त्याचे भाऊबंदही आहेत. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-178सी आणि गाड्यांसाठी आयएसओ 26262 ही मानकं (दोन्ही 2011 ची) प्रत्येक मागणीचा माग मागतात, म्हणून या सगळ्यांना गिऱ्हाईक आहे. झाला इतिहास.

पण माग मागतात तो कशासाठी, हे सांगताना मला एरियान-5 आठवल्याशिवाय राहत नाही. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कूरूहून हा युरोपीय अग्निबाण पहिल्यांदा उडाला आणि सुमारे 40 सेकंदांत फुटला. आडव्या वेगाशी संबंधित 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत मावली नाही, हे कारण आता अभ्यासक्रमांतही शिकवतात. मला त्यापेक्षा चौकशी अहवालातली दुसरी बाजू जास्त छळते. जो हिशेब कोसळला तो उड्डाणानंतर करायची गरजच नव्हती. उड्डाणानंतरही तो काही काळ चालू ठेवावा, ही मागणी एरियान-4 च्या जमान्यातली. नव्या अग्निबाणाला तिचा काही उपयोग नव्हता, पण चालतंय ते कशाला हलवा म्हणून ती तशीच पुढे आली. शिवाय एरियान-5 चा उड्डाणमार्ग कसा असेल, ही माहिती त्या यंत्रणेच्या मागण्यांमध्ये घातलेलीच नव्हती. म्हणजे एक मागणी कारण संपल्यावरही जिवंत राहिली आणि जी हवी होती ती लिहिलीच गेली नाही. ‘ही ओळ इथे का आहे?’ या प्रश्नाला एका क्लिकवर उत्तर मिळावं, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप.

त्या क्लिकच्या मागे असते लिंक, आणि वेबवरच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंक म्हणजे एक पत्ता. जॅझमध्ये प्रत्येक रिक्वायरमेंटला स्वतःचा पूर्ण वेबपत्ता असतो: एचटीटीपीएसपासून सुरुवात, मग सर्व्हरचं नाव, मग आरएम, मग रिसोर्सेस आणि शेवटी, हल्लीच्या आवृत्त्यांत, टीएक्स, अधोरेषा आणि पुढे अक्षरांची गिचमिड. टेस्ट केस दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये, कधी दुसऱ्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तिथे साठवलेला असतो तो हाच पूर्ण पत्ता, सर्व्हरच्या नावासकट. ओएसएलसी नावाचं खुलं मानक याच कल्पनेवर उभं आहे. माहितीची नक्कल करू नका, ती जिथे आहे तिथला पत्ता ठेवा, असं ते सांगतं. मला ही कल्पना आजही सुंदर वाटते. टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच एका टिपणात बजावलं होतं की चांगले वेबपत्ते बदलत नसतात. बदलतात ते माणसांच्या हलगर्जीपणामुळे.

आता इन्स्टॉलेशनकडे येतो. आयबीएमचा इन्स्टॉलेशन मॅनेजर चालवायचा, फाइली डिस्कवर उतरवायच्या, सर्व्हर सुरू करायचा, ब्राउझरमध्ये 9443 पोर्टवरचं सेटअपचं पान उघडायचं आणि ॲडमिन हेच नाव, ॲडमिन हाच पासवर्ड टाकून आत जायचं. इथवर कुणीही येतो. मग एक पान येतं: पब्लिक यूआरआय. एक चौकोन, त्यात आधीच काहीतरी भरलेलं आणि खाली ताकीद, की हा पत्ता एकदा ठरला की बदलता येणार नाही. ते समजल्याची खूण केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. घाईत असलेला माणूस खूण करतो आणि ‘नेक्स्ट’ दाबतो. माझ्या मते सगळ्या इन्स्टॉलेशनमध्ये विचार करण्याजोगं पान हेच एक. बाकी जे चुकेल ते निस्तरता येतं.

आमच्याकडे नव्याने आलेला मुलगा या पानावर आला की मी त्याच्या शेजारी जाऊन बसतो. परवाच एकाने विचारलं, “सर, मशीनचं नाव आपोआप आलंय. तेच ठेवू ना?”

“मशीन किती वर्षं टिकेल?”

“चार-पाच.”

“आणि लिंका?”

तो थांबला. मग म्हणाला, “पण सर, 9443 तरी राहू दे? सगळ्या गाइडमध्ये आहे.”

तोही नको. मशीनचं नाव नको, पोर्ट नको, शहर नको, विभाग नको, प्रोजेक्ट तर मुळीच नको. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी उभा करायचा, डीएनएसमध्ये एक साधं, कोरडं, कसलाही अर्थ नसलेलं नाव घ्यायचं आणि तेच पब्लिक यूआरआय म्हणून द्यायचं. मागे मशीन बदला, डेटा सेंटर बदला, विंडोजवरून लिनक्सवर जा. बाहेरच्या जगाला पत्ता तोच दिसतो. बारशाला घरातले पाच जण पाच नावं सुचवतात तशीच बैठक इथेही होते. नेटवर्कवाले, सिक्युरिटीवाले, प्रोजेक्ट मॅनेजर सगळे असतात आणि प्रत्येकाला आपल्या विभागाचं नाव त्यात हवं असतं. मी अशा बैठकीत सगळ्यात कंटाळवाण्या नावाच्या बाजूने मत देतो.

अर्थपूर्ण नावाचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. युरोपातली एक वाहनभाग बनवणारी कंपनी. नाव सांगत नाही. तिने सर्व्हरच्या पत्त्यात कंपनीचं नाव अभिमानाने घातलं होतं. काही वर्षांत कंपनी विकली गेली. इमारतीवरची पाटी बदलली, ओळखपत्रं बदलली, ईमेलचे पत्ते बदलले. रिक्वायरमेंटचे पत्ते मात्र तेच राहिले, कारण त्यांना लाखो लिंका येऊन मिळत होत्या. नव्या मालकाला जुन्या कंपनीचं डोमेन आजही दरवर्षी पैसे भरून जिवंत ठेवावं लागतं. ब्रँडिंगवाल्या मंडळींनी एकदा तक्रार केली, ‘हे नाव स्क्रीनवर कसं दिसतं?’ तेव्हा तिथल्या ॲडमिन बाईंनी शांतपणे लिंकांची यादी छापायला सांगितली. तक्रार परत आली नाही.

‘बदलता येत नाही’ हे तितकंसं खरं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 2012 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपासून सर्व्हर रिनेमची सोय आहे. जुना पत्ता डावीकडे, नवा उजवीकडे अशी एक फाइल बनवायची, एकमेकांना जोडलेली सगळी जॅझ अ‍ॅप्लिकेशनं एकदम बंद करायची आणि ती फाइल सगळ्यांना द्यायची. सर्व्हर आपल्या पोटातले पत्ते बदलून घेतो. पण वर्डच्या फाइलींत, ईमेलांत, ऑडिटरला दिलेल्या पीडीएफमध्ये, दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जे पत्ते चिकटवले गेलेत, त्यांच्यापर्यंत या सोयीचा हात पोचत नाही. म्हणून खऱ्या सर्व्हरसाठी मी ती शक्यतो वापरत नाही. माझ्या लेखी तिचा उपयोग वेगळाच आहे: अपग्रेडची रंगीत तालीम.

अपग्रेडची पद्धत अशी. जुनी आवृत्ती जिथे आहे तिथे हात लावायचा नाही. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायची. सर्व्हर बंद करायचे. डेटाबेस, कॉन्फिगरेशन फाइली आणि इंडेक्स या तिन्हींचा बॅकअप एकाच वेळेचा घ्यायचा. मग अपग्रेडची स्क्रिप्ट चालवायची: आधी जॅझ टीम सर्व्हर, मग बाकीची मंडळी, कारण टीम सर्व्हर कुणाहीपेक्षा जुना राहून चालत नाही. स्क्रिप्ट जुन्या कॉन्फिगरेशन फाइली नव्या जागी आणते, काय बदललं ते एडिटरमध्ये उघडून दाखवते आणि मग डेटाबेसच्या टेबलांना हात घालते. टेबलं एकदा बदलली की जुनी आवृत्ती त्या डेटाबेसवर पुन्हा चालत नाही. परतीची वाट एकच, बॅकअप.

हे सगळं आधी स्टेजिंगवर करून पाहतात. खऱ्या डेटाबेसची नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवायची आणि तिथे अपग्रेड करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या नकलेच्या पोटात पत्ता असतो तो खऱ्या सर्व्हरचा. सुरू होताच ती स्वतःला अस्सल समजते आणि खऱ्या सर्व्हरशी बोलायला जाते. एका ठिकाणी नकलेने शनिवारी सकाळी शेकडो इंजिनिअरांना ‘तुमची रिक्वायरमेंट बदलली’ अशा ईमेल पाठवल्या होत्या. मेलची सेटिंग बंद करायला तिथल्या लोकांना सवड मिळाली नव्हती. म्हणून नक्कल एकतर जाळ्यापासून पूर्ण तोडून, होस्ट्स फाइलमध्ये पत्ता फिरवून चालवायची, नाहीतर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच तिला रिनेमची फाइल द्यायची. मी दोन्ही करतो. सहकारी मला भित्रा म्हणतात.

डेटाबेसबद्दल थोडक्यात. सोबत येणारा डर्बी फक्त चाचणीपुरता. कामाला डीबी2, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर. डीबी2 मध्ये पेज साइज 16384 आणि यूटीएफ-8 ठेवायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोलेशन असं निवडायचं की त्याला लहान-मोठी अक्षरं वेगळी कळावीत. नवा सर्व्हर उभा राहिला की मी पहिली रिक्वायरमेंट मराठीत लिहितो, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ऱ्हास’ हे दोन शब्द घालून. जोडाक्षरं आणि ‘ऱ्हास’मधला अर्धा र धड आले की कॅरेक्टर सेटची एक चिंता मिटते. जर्मन ग्राहकांना त्यांच्या यादीत सगळ्यात वर ज्ञानेश्वर का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

आवृत्त्यांच्या उलथापालथीत माझी लाडकी म्हणजे 7.0, 2020 ची. त्याआधी डोअर्स नेक्स्ट आपली माहिती दोन ठिकाणी ठेवत असे: एक डेटाबेसात आणि दुसरी सर्व्हरच्या डिस्कवर, अपाची जेना नावाच्या इंडेक्समध्ये. कर्ता, नातं, कर्म अशा तीन-तीन तुकड्यांत सगळं साठवायचं, म्हणजे लिंका झपाझप शोधता येतात, असा त्यामागचा विचार. सेमँटिक वेबच्या स्वप्नातून आलेला. छोट्या साठ्यावर ते देखणं चाले. साठा फुगला की इंडेक्स मेमरी खाई, डिस्क मंद असली की रुसून बसे. आणि डेटाबेसचा बॅकअप रात्री बाराचा नि इंडेक्सचा दोनचा असला, तर परत आणल्यावर दोघांचं एकमत होत नसे. मग रीइंडेक्स लावायचा आणि लॉगकडे बघत तासन्‌तास बसायचं. 7.0 मध्ये ते सगळं उचलून डेटाबेसात नेलं. तत्त्वाच्या बाजूने पाहिलं तर ती माघारच, आणि जेनाच्या बाजूने हिरिरीने भांडणारे माझे मित्र अजून मला तसं ऐकवतात. रात्री जागणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगला निर्णय मला आठवत नाही.

त्या रात्री म्हणजे शुक्रवारच्या. युरोपातलं ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतं. सर्व्हर बंद होतो तेव्हा हिंजवडीत वडापावच्या गाड्याही आवरलेल्या असतात. यादी हातात धरून एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा टाइप करतो, तिसरा फक्त लॉगकडे बघतो. लिनक्सवर उघड्या फाइलींची मर्यादा 65536 केली का, सर्टिफिकेटची मुदत संपत नाही ना, नव्या आवृत्तीचे लायसन्स हाताशी आहेत का, अशी ती यादी. लायसन्सचं लोक विसरतात. अपग्रेड निर्विघ्न होतं आणि सोमवारी कुणालाच लिहिण्याची परवानगी नसते.

सोमवारी ॲडमिनने काय करावं, यावर माझं ठाम मत आहे. डॅशबोर्डचे आलेख बघत बसू नये. एखादी जुनी, नऊ-दहा वर्षांपूर्वीची टेस्ट केस उघडावी, तिच्यातली लिंक दाबावी आणि ती नेमक्या त्याच वाक्यावर उतरते का ते पाहावं. तशा वीसेक लिंका वेगवेगळ्या प्रोजेक्टांतून आधीच निवडून ठेवाव्यात, आणि त्यांत दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या दोन-तीन तरी असाव्यात, कारण तुटतात त्या आधी. इंजिनिअरांचे फोन त्या दिवशी येतातच. शंभरातल्या नव्वदांना बटण डावीकडून उजवीकडे का गेलं एवढंच विचारायचं असतं.