दुसऱ्या गोळीचा मागोवा

काकती म्हटलं की आधी राणी चन्नम्मा. आमच्या गावची लेक, कित्तूरची राणी. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत इंग्रज कलेक्टर ठॅकरे गोळी लागून पडला, तेव्हा बंदुका ठासणीच्या होत्या. एक बार उडाला की दारू, गोळी, गज हा सगळा खटाटोप पहिल्यापासून. दुसरी गोळी किती लवकर सुटेल, हा प्रश्नच नव्हता. तो मॅगझीनच्या पिस्तुलाबरोबर आला, आणि खेळातल्या लोकांनी त्याचा जितका कीस पाडला तितका फौजेनंही पाडला नसेल.

ऑलिंपिकची रॅपिड फायर पिस्तूल स्पर्धा घ्या. पंचवीस मीटरवर ओळीनं पाच टार्गेट, प्रत्येकावर एकच गोळी. पाचही गोळ्या आधी आठ सेकंदांत, मग सहा, शेवटी चार. हात खाली ४५ अंशांत रोखून धरायचा आणि हिरवा दिवा लागला की उचलायचा. चार सेकंदांतला मोठा वाटा हात वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंतच संपतो. उरलेल्या वेळात चार गोळ्या. दर गोळीला नळी वर उसळते, ती खाली आणून शेजारच्या टार्गेटवर न्यायची. उसळी जितकी कमी, तितका वेळ हातात.

म्हणून २००४ पर्यंत नेमबाज पॉइंट टू टू शॉर्ट काडतूस वापरत. गोळी १.९ ग्रॅमच्या आसपास, दारू जेमतेम. वर नळीला भोकं पाडलेली, म्हणजे वायू वरच्या वर निघून जावा आणि नळी दबलेली राहावी. पिस्तूल हातात जवळजवळ हलतच नसे. जर्मनीच्या राल्फ शूमाननं १९९५ मध्ये ६०० पैकी ५९७ गुण केले ते याच जमान्यात.

२००५ पासून नियम बदलला. शॉर्ट बाद, लाँग रायफल काडतूस सक्तीचं. त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची आणि वेगही जास्त, त्यामुळे हिशेब केला तर हाताला बसणारा धक्का दुपटीच्या जवळ जातो. कुणी मुद्दाम मिळमिळीत काडतूस बनवून पळवाट काढू नये म्हणून किमान मर्यादाही घातली: गोळी २.५३ ग्रॅमपेक्षा हलकी नको, वेग सेकंदाला २५० मीटरपेक्षा कमी नको. तेव्हा बरीच ओरड झाली. मला मात्र हा बदल योग्यच वाटतो. २००८ च्या बीजिंगमध्ये तोच शूमान, वय ४६, नवं पिस्तूल, नवं काडतूस घेऊन रौप्यपदकापर्यंत गेला.

तेव्हापासून निवड उरली ती लाँग रायफलच्या आतली. आवाजाच्या वेगापेक्षा थोडं खालचं स्टँडर्ड काडतूस घ्यायचं, हाय व्हेलॉसिटीच्या वाटेला जायचं नाही, हे आता नवखाही सांगतो. खरी गोम पुढेच आहे. धक्का म्हणजे नुसता त्रास नव्हे. त्याच जोरावर पिस्तुलाचा बोल्ट मागे जातो, रिकामं टरफल फेकतो आणि पुढचं काडतूस भरतो. फारच मऊ काडतूस घातलं तर टरफल अर्धवट बाहेर येऊन दारात अडकतं, आणि चार सेकंदांच्या सिरीजमध्ये तिसऱ्याच गोळीला हात थांबतो. एली, लापुआ, एसके, कुठल्याही कंपनीचं नाव घ्या, आपल्या पिस्तुलात न अडकता चालणारं आणि दर वेळी नळीला त्याच जागी परत आणणारं काडतूस तेच चांगलं. डब्यावरच्या किमतीवरून ते कळत नाही. त्यासाठी एकेका लॉटमधले राउंड झाडून बघावे लागतात.

या नव्या नियमांतच विजय कुमार घडला. २०१२ च्या लंडनमध्ये लष्कराच्या या सुभेदारानं ३० हिट्स घेऊन रौप्य जिंकलं. क्यूबाच्या पुपोचे ३४ होते.

खेळाबाहेरही हीच कथा, फक्त उलट्या अंगानं. १९८६ मध्ये मियामीतल्या चकमकीत दोन एजंट गमावल्यावर अमेरिकेच्या एफबीआयनं जबरी दहा मिलिमीटर काडतूस उचललं. धक्का आवरेना, मग दारू कमी केली, मग पॉइंट फोर झीरो आलं, आणि तीसेक वर्षांनी स्वारी परत नऊ मिलिमीटरवर. मऊ काडतुसानं लोक लवकर आणि नेमका मारा करतात, हे एवढं फिरून त्यांना पटलं.

आमच्या भागात ही चर्चा कोल्हापूरच्या राही सरनोबतमुळे पोचली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं अनिसा सय्यदबरोबर जोडीचं सुवर्ण घेतलं, २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं. तिच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेतला रॅपिड टप्पा वेगळा: तीन सेकंद टार्गेट, एक गोळी, सात सेकंद विसावा. म्हणजे इथं दुसऱ्या गोळीची घाई नाही. तरीही मऊ काडतूस लागतंच, कारण साठ गोळ्यांचे धक्के शेवटी मनगट आणि कोपरच खातं. कोपराच्या दुखापतीतून परतलेल्या राहीनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला थायलंडच्या मुलीशी ३४-३४ अशी बरोबरी केली. शूटऑफही एकदा बरोबरीत सुटला, दुसऱ्यांदा राहीनं तो जिंकला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.