स्थलनिर्णयाची जंत्री : संगणकीय नकाशांचा संग्राहकांस उपयोग

जुने कागद वाचणारास कालनिर्णयाचें महत्त्व सांगावयास नको. शुहूर सनाचा इसवी सन करणें, तिथीशीं वार ताडून पाहणें, हीं कामें आपण नित्य करितों व त्यांसाठीं जंत्र्या जवळ बाळगितों. स्थलाविषयीं मात्र आपण इतके दक्ष नसतों. ‘मौजे पिंपळगांव’ असें वाचलें कीं जवळचें पिंपळगांव गृहीत धरून पुढें जातों. संगणकावरील नकाशे व जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हीं साधनें स्थलाची जंत्रीच होत, हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उदाहरणार्थ आष्टी घ्या. ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले व छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. ही आष्टी सोलापूर जिल्ह्यांत, मोहोळ तालुक्यांत आहे. दुसरी आष्टी बीड जिल्ह्यांत व तिसरी वर्धा जिल्ह्यांत. लढाईची जागा सर्वांस ठाऊक आहे. परंतु एखाद्या सुट्या पत्रावर नुसतें ‘मुक्काम आष्टी’ असेल तर काय करावें? आदल्या व पुढच्या मुक्कामांचीं टिंबें नकाशावर मांडून अंतरें मोजावीं. आदला मुक्काम सोलापूर असेल, तर तेथून पहिली आष्टी सरळ रेषेंत पन्नास-साठ किलोमीटर, दुसरी सुमारें दीडशें व तिसरी चारशेंहून अधिक पडते. मध्यें दोनच दिवस गेले असतील, तर लष्कराची मजल पाहून निर्णय आपोआप होतो.

या साधनांत गूढ असें कांहीं नाहीं. पारदर्शक कागदांचे थर एकावर एक ठेवावेत तशी ही रचना आहे. तळाशीं उपग्रहानें घेतलेलें चित्र, त्यावर जुना नकाशा, त्यावर आपल्या कागदांतील गांवांचीं टिंबें. प्रत्येक टिंबास एक कोष्टक जोडतां येतें : नांव मुळांत जसें लिहिलें आहे तसें, तारीख, कागदाचा प्रकार, रुमालाचा क्रमांक. मग ‘वैरागपासून पांच कोसांच्या आंतील, सन १७५० ते १७६० मधील महजर दाखीव’ असें विचारतां तेवढेच पुढें येतात. क्यूजीआयएस ही प्रणाली २००२ सालीं आरंभ झाली व ती विनामूल्य मिळते. इस्रोचें भुवन २००९ पासून उपलब्ध आहे.

जुना नकाशा प्रथम ओळखावा लागतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतींत ४७ क्रमांकाचा पट १६ ते २० अक्षांश व ७२ ते ७६ रेखांश व्यापितो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग ए पासून पी पर्यंत, व प्रत्येक भागाचे पंधरा-पंधरा कलांचे सोळा ताव. वैराग १८ अक्षांशाच्या किंचित् उत्तरेस व ७५.८ रेखांशाच्या जवळ असल्यानें त्याचा ताव ४७ एन/१६ होय. पुण्याचा ४७ एफ/१४. ताव संगणकावर बसवितांना जुनें देऊळ, बारव, गढीचा बुरूज अशीं न हललेलीं आठ-दहा स्थानें चारी कोपऱ्यांकडे पसरून निवडावींत. रस्ते व नदीचे संगम यांवर विसंबूं नये, ते सरकतात. शिवाय जुने ताव एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीमानावर आंखलेले आहेत. आजच्या मानांत त्यांचें रूपांतर न केल्यास आपल्या भागांत स्थान शंभर मीटरांहून अधिक चुकतें. एक इंचास एक मैल या प्रमाणांत अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर सुमारें तीस मीटर. म्हणून शेताच्या बांधाचा निर्णय अशा तावावरून करूं नये. त्यास गांवनकाशाच पाहिजे.

गांवनकाशा हातीं असला कीं खरी मौज सुरू होते. ताम्रपटांतील चतुराघाट काय किंवा खरेदीखतांतील चतुःसीमा काय, दोहोंतहि शेजाऱ्यावरून शेत ओळखावयाचें असतें. एक कागद एकटा मुका असतो. पण त्याच शिवारांतील चार-पांच कागद घेतले, तर एकाची पूर्व दुसऱ्याची पश्चिम होते, आणि एक विहीर निश्चित झाली कीं सारी साखळी जागेवर बसते. गुंठा म्हणजे ३३ फूट चौरस, चाळीस गुंठ्यांचा एकर, हें मान लक्षांत ठेविल्यास क्षेत्रहि पडताळतां येतें. मुलांस हें कोडें सोडवावयास द्यावें. तीं संगणक आपणांपेक्षां चपळाईनें चालवितात.

बार्शी तालुक्यास आणखी एक लाभ आहे. १९४८ पर्यंत हा तालुका मोगलाईच्या हद्दीस लागून होता. ती जुनी हद्द एका थरावर काढून ठेवल्यास कोणत्या गांवाचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरांत शोधावे व कोणत्या गांवाचे हैदराबादेस, याचा अंदाज घरबसल्या होतो.

हें काम आजच करण्यास कारण आहे. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व भीमेकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं; पळसदेवचें देऊळ पाणी उतरलें म्हणजे दिसतें. जुना ताव आजच्या चित्रावर बसविला असतां बुडालेलें गांवठाण पुनः दाखवितां येतें. शेतांच्या नांवांचें तसें नाहीं. १९४७ च्या कायद्यानें पुढें एकत्रीकरण झालें, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि थळांचीं जुनीं नांवें वृद्धांच्या तोंडीं तेवढीं उरलीं. तीं गेलीं म्हणजे आपल्या रुमालांतील चतुःसीमांची किल्लीच हरवेल.

दोन सूचना आवश्यक आहेत. नकाशावरील टिंब खोटा निश्चय उत्पन्न करितें. म्हणून प्रत्येक टिंबापुढें निश्चित, संभाव्य किंवा संशयित असा शेरा लिहावा. दुसरें, शिवारांतील मूर्ति, शिलालेख यांचीं अचूक स्थानें सर्वांस खुलीं करूं नयेत. चोरहि नकाशा वाचतात.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं तो कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं मिळाला हें टिपून ठेवावें, व त्या गांवच्या एखाद्या वृद्धास बरोबर घेऊन पांदणीनें शिवार एकदां फिरून यावें. नकाशा नंतर सावकाश करितां येईल.