मागितले तेवढेच देणारे पान

बाह्यरुग्ण विभागात हल्ली रुग्णाच्या एका हातात केसपेपर असतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल. अंगावर गाठ लागली की डॉक्टरांकडे येण्याआधी ती मोबाइलवर शोधून झालेली असते. त्यात गैर काही नाही. आपल्या शरीराविषयी वाचावे, प्रश्न घेऊन यावे, हे आम्हालाही हवेच असते. पण आपण वाचत असताना पडद्यामागे काय चालते, याचा विचार सहसा कुणी करत नाही.

वेबवरचे पान उघडते तेव्हा मजकूर एकटा येत नाही. त्याच्यासोबत चित्रे, जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि वाचकावर नजर ठेवणारे छोटे प्रोग्राम येतात. सर्वसाधारण वेबपानाचे वजन आज दोन मेगाबाइटच्या वर गेले आहे. त्यातला प्रत्यक्ष वाचायचा मजकूर बहुधा काही किलोबाइटचाच असतो. टिमोथी लिबर्ट या संशोधकाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आरोग्यविषयक ८० हजारांहून अधिक वेबपाने तपासली होती. त्यांपैकी ९१ टक्के पाने वाचकाच्या नकळत तिसऱ्याच कुणाशी तरी संपर्क साधत होती. पानाच्या पत्त्यातच अनेकदा आजाराचे नाव असते, त्यामुळे तेही पलीकडे पोहोचत होते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे आमच्या व्यवसायाचे जुने व्रत. ते तपासणीच्या खोलीत पाळले जाते आणि रुग्णाच्या खिशातल्या मोबाइलवर मोडले जाते.

यातून सुटण्याची एक फारशी माहीत नसलेली वाट आहे. ती समजण्यासाठी एक गैरसमज आधी दूर करू. इंटरनेट म्हणजे वेब नव्हे. इंटरनेट हा रस्ता. वेब हे त्यावरून धावणारे एक वाहन. ईमेल हे दुसरे. कोणत्या वाहनाने कोणते नियम पाळायचे हे ठरवणाऱ्या संकेतांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. गोफर आणि जेमिनी हे असेच दोन हलके प्रोटोकॉल.

गोफर १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅककाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. गोफर हा बीळ खणणारा प्राणी; तो या विद्यापीठाचे बोधचिन्हही आहे. रुग्णालयाच्या प्रवेशद्वारात विभागांचा फलक असतो, तशी गोफरची रचना असते. एका ओळीत एक नोंद. ओळीच्या सुरुवातीचे एक अक्षर सांगते की पुढे मजकूर आहे, दुसरी यादी आहे की शोध घेण्याची सोय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची ‘कॅन्सरनेट’ ही माहितीसेवाही त्या काळी गोफरवरून वाचता येत असे. १९९३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने गोफरच्या व्यावसायिक वापरासाठी शुल्क घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपातल्या ‘सर्न’ने वेबचे तंत्रज्ञान सर्वांसाठी मोफत खुले केले. पुढे काय झाले ते आपण पाहतोच आहोत.

गोफर मागे पडला, पण बंद पडला नाही. त्यावरचा सर्वांत परिचित पत्ता आहे ‘फ्लडगॅप’. तो सांभाळणारे कॅमेरॉन कायझर हे पेशाने डॉक्टर. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीचे सार्वजनिक आरोग्य अधिकारी म्हणून त्यांनी काम केले आहे. समव्यवसायी म्हणून मला याचे कौतुक वाटते.

जेमिनी हा नव्या पिढीचा. ‘सॉल्डरपंक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने २०१९ मध्ये तो मांडला. नाव घेतले आहे नासाच्या जेमिनी मोहिमेवरून. आधीच्या मर्क्युरी यानापेक्षा मोठे आणि नंतरच्या अपोलोपेक्षा लहान असे ते यान होते. तसाच हा प्रोटोकॉल गोफर आणि वेब यांच्या मधला. त्या मोहिमेचे पहिले समानव उड्डाण १९६५ मध्ये झाले, म्हणून जेमिनीचा पोर्ट क्रमांकही १९६५.

जेमिनीचा व्यवहार औषधाच्या चिठ्ठीसारखा आहे. वाचक एका पानाचा पत्ता पाठवतो. समोरून दोन अंकी उत्तर येते: २० म्हणजे पान आहे, ५१ म्हणजे सापडले नाही. मग मजकूर येतो आणि संपर्क तुटतो. त्या पानाला तुमच्या संगणकावर कोणताही प्रोग्राम चालवता येत नाही, तुमची खूणगाठ बांधणारी ‘कुकी’ ठेवता येत नाही, स्वतःहून दुसऱ्या कुणाला बोलावता येत नाही. चिठ्ठीत एक गोळी लिहिली असेल तर एकच मिळते; दुकानदार पिशवीत आणखी चार वस्तू टाकत नाही. शिवाय वाटेतला सारा मजकूर सांकेतिक रूपात जातो, ही सोय मूळ गोफरमध्ये नव्हती.

ही पाने वाचण्यासाठी स्वतंत्र प्रोग्राम आहेत. पण ती टेक्स्ट एडिटरमध्येही वाचता येतात. टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे साधन. नोटपॅड आपल्याला माहीत असतेच. इमॅक्स हा त्यातला जुना आणि कर्तबगार सदस्य. १९७६ मध्ये एमआयटीत त्याची सुरुवात झाली आणि १९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची मुक्त आवृत्ती सर्वांना दिली. त्याला ‘एल्फर’ नावाची मोफत जोड बसवली की गोफर आणि जेमिनी दोन्ही त्याच चौकटीत उघडतात. इंग्रजीत ई-एल-पी-एच-ई-आर असे तिचे स्पेलिंग. टॅब दाबले की पुढच्या दुव्यावर, एंटर दाबले की आत, यू दाबले की मागे, जी दाबून हवा तो पत्ता. एवढे आले की काम भागते.

एडिटरमध्ये वाचण्याचा फायदा असा की आलेले पान तुमच्या स्वतःच्या टिपणासारखेच असते. अक्षर केवढे, रंग कोणता, ओळीत अंतर किती, हे पान ठरवत नाही, तुम्ही ठरवता. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना याचे महत्त्व सांगायला नको. हवा तो परिच्छेद उचलून शेजारच्या वहीत ठेवता येतो. जेमिनीत देवनागरी उत्तम चालते. हा संपूर्ण लेख त्यावर ठेवला तर जेमतेम वीस-पंचवीस किलोबाइट भरेल. म्हणजे सर्वसाधारण वेबपानाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. जिथे मोबाइलचे नेटवर्क एका दांडीवर लटकते, तिथे हा फरक म्हणजे पान उघडणे आणि न उघडणे यातला फरक आहे.

साध्या मजकुराचे मोल खऱ्या अर्थाने कळते ते दृष्टिहीन वाचकाला. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र आणि कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी असा त्यांचा प्रवास झाला. १९९५ मध्ये त्यांनी ‘इमॅकस्पीक’ तयार केले. नेहमीचा स्क्रीन रीडर पडद्यावर जे दिसते ते वाचतो. इमॅकस्पीक इमॅक्सच्या आतूनच मजकुराची रचना समजून घेते आणि शीर्षक एका आवाजात, मजकूर दुसऱ्या आवाजात ऐकवू शकते. हे जमते, कारण तिथे मजकूर हा मजकूर असतो, सजावटीत हरवलेला नसतो. जाहिरातींनी गजबजलेले वेबपान कानांनी वाचून पाहा. डोळस माणसाला पाच मिनिटांत त्यातला ताप कळेल.

डॉक्टर म्हणून काही इशारेही द्यायला हवेत. इमॅक्सच्या बऱ्याच आज्ञांसाठी कंट्रोल कळ सतत दाबावी लागते आणि डाव्या करंगळीवर ताण येतो. या दुखण्याला ‘इमॅक्स पिंकी’ असे नावच पडले आहे. कॅप्स लॉकच्या कळीला कंट्रोलचे काम देणे हा त्यावरचा सोपा उपाय. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर कोपराजवळच्या अल्नर नसेवर दाब असू शकतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येत असतील तर मनगटातल्या मीडियन नसेवर. मुंग्या टिकून राहिल्या तर मलम चोळत बसू नका, तपासून घ्या. डोळ्यांचेही तसेच. पडदा कोणताही असो, त्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे.

या वाटेच्या मर्यादाही आहेत. गोफर-जेमिनीवर बँक चालत नाही, रेल्वेचे आरक्षण होत नाही. तिथला बहुतेक मजकूर हौशी लोकांनी इंग्रजीत लिहिलेला आहे. आजारावरचा सल्ला तिथे शोधू नये. गुप्तता पूर्ण नाही: तुमचा संगणक कोणत्या सर्व्हरशी बोलतो हे इंटरनेट पुरवणाऱ्याला कळते आणि त्या सर्व्हरलाही तुमचा आयपी पत्ता दिसतो. आणि अर्थात, पान हलके आहे म्हणून त्यावरचे विधान खरे ठरत नाही.

मग सामान्य वाचकाने यातून काय घ्यावे? इमॅक्स शिकलाच पाहिजे असे नाही. पण पान मागितले तेवढेच देऊन थांबू शकते, ते अवघड नाही, हे एकदा पाहिले की बाकीच्या गर्दीबद्दल प्रश्न विचारता येतो. मधुमेही व्यक्तीने पायांची निगा कशी राखावी हे सांगायला दहा ओळी पुरतात: रोज पाय पाहावेत, तळव्याला आरसा लावून, बोटांमधली जागा कोरडी ठेवावी, अनवाणी चालू नये, पाय शेकू नयेत, जखम दिसली की त्याच दिवशी दाखवावी. या ओळी वाचणाऱ्याला मधुमेह आहे की नाही, हे जाहिरातदाराला कळण्याचे काहीच कारण नाही. आरोग्याची माहिती देणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि खासगी संस्थेने तिची एक साधी, मजकुरापुरती प्रत ठेवावी. ती ठेवायला खर्च जवळजवळ नाही. आणि ती वाचणारा बहुतेक वेळा घाबरलेला असतो, हे लक्षात ठेवले तर पुरे.