झरा राखायचा तर माथा राखा

पुण्यात बावधनला रामनदीकाठी जिवंत झरा आहे. बावधन खेडे होते तेव्हा गाव त्यावर पाणी भरी. पुढे शहर आले, भोवती इमारती, रस्ते, बोअर झाले आणि रहिवाशांना झऱ्याची चिंता लागली. पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेने तिथल्या भूजलाचा अभ्यास केला.

झरा आटतो कसा? पाऊस टेकडीवर मुरतो, भेगाळ खडकातून खाली उतरतो. पुढे अभंग कातळ लागला, की पाणी आडवे सरकते आणि उतारावर बाहेर पडते. तोच झरा. माथ्यावर सिमेंट झाले तर पाणी मुरत नाही. वरच्या अंगाला खोल बोअर घेतले तर ते वाटेतच उपसले जाते. मग झऱ्यावर कुंड कितीही पक्के बांधा, ते कोरडेच राहते.

आपल्या शिवारात झरा असेल तर वरच्या उतारावर गवत, झाडे राखा. समतल चर काढा. झऱ्याच्या वर उकिरडा, शोषखड्डा नको. दरमहा घागर भरायला किती वेळ लागतो ते वहीत टिपा. गेल्या सालच्या त्याच महिन्यापेक्षा जास्त लागला, तर पाऊस कमी झाला की माथ्यावर काही बदलले, ते गावाने मिळून पाहावे.